जिब्राल्टरच्या पलीकडे, गाडीसकट

स्पेनच्या दक्षिण टोकाला अल्हेसिरास बंदरातून बोट सुटली की साधारण दीड तासात ती मोरोक्कोच्या टँजियर मेड बंदराला लागते. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी तर जेमतेम १४ किलोमीटर आहे. हवा स्वच्छ असली की स्पेनमधल्या तारिफाच्या किनाऱ्यावरून आफ्रिकेतले डोंगर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्यामुळे गाडी घेऊन पलीकडे जायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांचा समज असा, की तिकीट काढायचं, गाडी बोटीत घालायची, पलीकडे उतरायचं. प्रत्यक्षात पाण्याचा भाग सगळ्यात सोपा निघाला. वेळ खाल्ला तो सीमेने. एवढ्याशा पट्ट्यात माणूस एका खंडातून दुसऱ्या खंडात जातो, शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांच्या, बाहेर पडतो, वर्षातला बराच काळ एका घड्याळातून दुसऱ्या घड्याळात जातो, आणि त्याची गाडीही त्याच्याबरोबर परदेशी होते. स्वतःचा पासपोर्ट-व्हिसा आपण सवयीने तपासतो. गाडीलाही पासपोर्ट-व्हिसासारखं काहीतरी लागतं, हे मात्र बंदरावर पोचेपर्यंत बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

आम्ही दोघं नोकरीनिमित्त स्पेनमध्ये राहतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सासू-सासरे यायचे होते, आणि मोरोक्को बघायची इच्छा बाबांची. विमानाने जाऊन तिथे गाडी भाड्याने घेणं हा सरळ मार्ग होता, तो आम्ही मुद्दाम टाळला. आईंचे गुडघे, औषधांची पिशवी, बसायच्या जागेची सवय, हे सगळं आपल्या गाडीत सोयीचं पडतं. स्पेनमधून भाड्याची गाडी नेण्याचा विचार करत असाल तर तो आधीच सोडा. बहुतेक भाडेकंपन्या गाडी आफ्रिकेत न्यायला परवानगीच देत नाहीत आणि विनापरवाना नेलीत तर विमा गेला. म्हणजे गाडी स्वतःची हवी, किंवा जिच्या मालकाने रीतसर अधिकारपत्र दिलंय अशी.

मी आधी माणसांच्या कागदांना हात घातला, कारण तिथे आपल्या हातात काही नसतं, फक्त वाट बघायची असते. आम्हा दोघांकडे स्पेनचं निवासकार्ड आहे, त्यामुळे परत यायची चिंता नव्हती. कार्डांची मुदत तेवढी बघितली. आई-बाबांचं वेगळं. ते शेंगेन व्हिसावर येणार, आणि मोरोक्को शेंगेनमध्ये नाही. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर अल्हेसिरासला बोटीत पाऊल टाकलं की तो संपला. व्हिसाची तारीख पुढची आहे म्हणून परत येता येईल, असं होत नाही. स्टिकरवर प्रवेशांच्या संख्येचा एक चौकोन असतो. त्यात ‘०१’ आहे की ‘मल्ट’ (म्हणजे अनेक प्रवेश), यावर अख्खी सहल अवलंबून. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ मध्ये एक चांगला नियम आला: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळालेले आणि नीट वापरलेले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, कितीही प्रवेशांचा मिळू शकतो. आई-बाबा आधी येऊन गेले होते, त्याचा फायदा झाला. तरीही मी अर्जाला जोडलेल्या आराखड्यात मोरोक्कोचे दिवस स्पष्ट दाखवले होते. अधिकाऱ्याने आपल्या मनातलं ओळखावं अशी अपेक्षा कशाला?

मोरोक्कोचा व्हिसा त्यामानाने बिनत्रासाचा. त्यांची ई-व्हिसाची सोय २०२२ पासून आहे. तोही एकदाच प्रवेशाचा असतो, हे लक्षात ठेवावं लागतं. सेउताच्या मार्गाबद्दल बोलताना ते पुढे येईलच.

आता गाडी. नोंदणीपत्र मूळ हवं, प्रत चालत नाही, आणि ते चालवणाऱ्याच्या नावावर असलेलं बरं. आमची गाडी नवऱ्याच्या नावावर आहे. ऑफिसची, कर्जाची किंवा मित्राची गाडी असेल तर मालकाचं अधिकारपत्र लागतं, आणि ते फ्रेंचमध्ये असलं तर पलीकडे काम लवकर होतं.

खरा अभ्यास ग्रीन कार्डाचा, म्हणजे गाडीचा विमा परदेशात चालतो हे दाखवणाऱ्या कागदाचा. युरोपातला गाडीचा विमा युरोपात आपोआप चालतो म्हणून इथल्या लोकांनाही हे कार्ड विसरल्यासारखं झालंय. मोरोक्को या ग्रीन कार्ड व्यवस्थेत आहे, पण तुमच्या पॉलिसीत आहे की नाही हे कार्डावरच कळतं. नावाला ग्रीन असलं तरी २०२० च्या जुलैपासून ते साध्या पांढऱ्या कागदावर छापता येतं, त्यामुळे विमा कंपनीने पाठवलेली फाइल घरच्या प्रिंटरवर छापली तरी चालते. त्यावर देशांच्या दोन-दोन, एकेक अक्षरी खुणांची जाळी असते. ज्या देशाच्या खुणेवर काट मारलेली, तिथे विमा नाही. मी ‘एम ए’ हा चौकोन शोधला, त्यावर काट नव्हती, तेव्हा कुठे बोटीचं वेळापत्रक उघडून बघितलं. काट असती तरी मार्ग होता: पलीकडे बंदरावर सीमेवरचा तात्पुरता विमा विकत मिळतो. पण तो समोरच्याच्या नुकसानीपुरता. आपल्या गाडीचं काय झालं तर ते आपलं आपण.

ग्रीन कार्डाचंही तसंच आहे, हे लोक विसरतात. ते कार्ड म्हणजे समोरच्या माणसाला दिलेली हमी. आपल्या गाडीची चोरी, आपला पत्रा, रस्त्यात बंद पडल्यास टो करणं, ही कलमं पॉलिसीत वेगळी असतात आणि त्यांची भौगोलिक हद्दही वेगळी असते. म्हणून विमा कंपनीला मी तीन प्रश्न लिहून पाठवले आणि उत्तरं लेखी मागितली: मोरोक्कोत स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळेल का, गाडी बंद पडली तर मदत मिळेल का, आणि दुरुस्त न होण्यासारखी झाली तर ती स्पेनला परत आणायचा खर्च कोणाचा. फोनवर ‘हो हो, सगळं आहे’ म्हणणारा माणूस मोरोक्कोतल्या रीफच्या डोंगरात आपल्याबरोबर नसतो. लेखी उत्तरात दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ होतं आणि पहिल्याला ‘नाही’. कळलं ते बरं झालं. त्यावरून गाडी कुठे लावायची, कुठल्या गल्लीत घालायची नाही, हे ठरवता आलं.

तिसरा प्रश्न मी का विचारला ते सांगते. मोरोक्कोत शिरताना परदेशी गाडीची तात्पुरत्या आयातीची नोंद होते. पूर्वीपासून तिला डी-१६ म्हणतात. कॅलेंडर वर्षात एकूण सहा महिन्यांपर्यंत गाडी तिथे ठेवता येते, कर लागत नाही. पण ती ज्याच्या नावावर आत आली त्याच्याबरोबरच बाहेर गेली पाहिजे. गाडी तिथेच ठेवून तो विमानाने निघाला तर कस्टम्सच्या लेखी त्याने गाडी बेकायदा विकल्यासारखं होतं, आणि तो विमानतळावर अडकू शकतो. गाडी डोंगरात मोडून पडली, चोरीला गेली, तरी आधी कस्टम्सकडून कागद मोकळा करून घ्यायचा, मग घरी जायचं. आणि गाडी चालवायची ती त्यानेच. घरच्या दुसऱ्या माणसाला चालवू द्यायची तर कस्टम्सकडे तशी नोंद करून घ्यावी लागते.

यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. भारताचं लायसन्स स्पेनमध्ये बदलून मिळत नाही, लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा नव्याने द्यावी लागते, आणि ती मी एवढ्यासाठीच दिली होती की लांबच्या प्रवासात अर्धी गाडी मी चालवेन. नवऱ्याचं म्हणणं, कस्टम्सच्या खिडकीवर आणखी एक अर्ज कशाला, मी एकटा चालवतो. माझं म्हणणं, याला ताप आला तर? आई-बाबांना घेऊन कुठे बसू? शेवटी ठरलं की माझी नोंद करून घ्यायचीच, पण रोजचे टप्पे असे आखायचे की एकट्या माणसाला दमायला होऊ नये. नोंद झाली, मी एकदाही चालवली नाही. असो.

एवढं झाल्यावर बोट. बोटीचं तिकीट आधी काढा, मग बाकीचं, असा सल्ला सगळेच देतात. लांबच्या मार्गांना तो लागू आहे. बार्सिलोनाहून किंवा इटलीतल्या जेनोआहून टँजियर मेडला गाडीसकट जायचं तर प्रवास एक-दोन दिवसांचा, केबिन लागते, आठवड्यात मोजक्या फेऱ्या; तिथे बोट हाच खुंटा आणि बाकी सगळं त्याला बांधायचं. अल्हेसिरासला उलट आहे. दिवसभर फेऱ्या असतात, आणि परतीचं ओपन तिकीट मिळतं, म्हणजे त्याच कंपनीच्या ज्या बोटीत जागा असेल त्यात चढता येतं. तिथे मी बोट सगळ्यात शेवटी ठरवली आणि आजही तसंच करेन. एक मोठा अपवाद उन्हाळ्याचा. युरोपात राहणारी लाखो मोरोक्कन कुटुंबं सुट्टीला गाडीने घरी जातात. त्यांच्यासाठी साधारण जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच्या काळात स्पेन आणि मोरोक्को दोन्हीकडे खास व्यवस्था असते. अलीकडच्या वर्षांत या मोसमात तीस लाखांहून जास्त लोकांनी सामुद्रधुनी ओलांडली आहे. गाड्यांच्या टपांवर बांधलेली गाठोडी, सायकली, गाद्या. बघायला मजेचं आहे, पण त्या रांगेत वयस्कर माणसांना घेऊन उभं राहायचं नसेल तर तारखा बदला.

मार्ग तीन होते. तारिफाहून टँजियर शहराच्या बंदरात जाणारी वेगवान बोट तासाभरात पोचवते आणि थेट जुन्या शहराच्या पायथ्याशी उतरवते. पर्यटकांना ती आवडते. पण तारिफा म्हणजे वाऱ्याचं गाव. पूर्वेकडून लेवान्ते आणि पश्चिमेकडून पोनिएन्ते असे दोन वारे तिथे आलटून पालटून नांदतात, म्हणून तर जगभरचे काइटसर्फिंगवाले तिथे जमतात. लेवान्ते जोरात असला की वेगवान बोटी बंद. दुसरा मार्ग सेउताचा. सेउता हे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं स्पेनचं शहर, बोटीने तासभर, आणि मग मोरोक्कोत शिरायला जमिनीवरची सीमा. कागदोपत्री छान वाटतं, पण तिथल्या गाड्यांच्या रांगेचा भरवसा नाही. शिवाय येताना काही बिनसलं आणि सीमा ओलांडून पुन्हा मोरोक्कोत जायची वेळ आली, तर आमचा एकाच प्रवेशाचा ई-व्हिसा संपलेला. तिसरा अल्हेसिरास ते टँजियर मेड. हे बंदर टँजियर शहरापासून चाळीसेक किलोमीटर पूर्वेला आहे, आजूबाजूला कंटेनरशिवाय बघण्यासारखं काही नाही. पण बोटी मोठ्या आणि जड, वाऱ्याला कमी घाबरणाऱ्या, आणि बंदरातून थेट मोठ्या रस्त्याला लागता येतं. आईंना बोट लागते. त्यामुळे सौंदर्याचा मुद्दा मागे पडला.

बोट लागण्याबद्दल एकच सांगते. जागा बोटीच्या मध्यभागी आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावरची धरा. तिथे हालचाल सगळ्यात कमी. गोळी घ्यायची तर निघण्याच्या तासभर आधी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

तिकीट काढताना गाडीची लांबी आणि उंची विचारतात. नोंदणीपत्रातला आकडा बघून भरायचा असं वाटतं, पण टपावर सामानाची पेटी लावणार असाल तर उंची पेटीसकट द्यावी लागते. ठरावीक उंचीच्या वर गाडी वेगळ्या वर्गात जाते आणि बोटीत तिची रांगही वेगळी. बाबा आयुष्यभर बांधकामखात्यात. त्यांनी टेप मागितला, बोनेटपासून मागच्या बंपरपर्यंत माप घेतलं, मग टपावर पेटीच्या जागी खोका ठेवून, त्यावर फूटपट्टी आडवी धरून, मला खाली टेप सोडायला लावला. “लिहून घे. आणि वरती दोन सेंटिमीटर जास्तच धर, टायरमधे हवा भरली की वाढते.” त्या मापानंतर आम्ही पेटीच काढून टाकली. उंचीपेक्षा दुसरं कारण मोठं होतं: पेटी दिसली की कस्टम्सला ती उघडायला सांगावंसं वाटणार, आणि आत कोणी काय ठेवलंय हे चार माणसांत एकालाही धड आठवणार नाही. सामान डिकीत मावेल एवढंच घ्यायचं, हा नियम आईंनी सगळ्यांपेक्षा काटेकोर पाळला.

मग घड्याळ. आखणीतला मला सगळ्यात आवडलेला भाग हा, कारण इथे वेळापत्रक वाचूनही माणूस फसू शकतो. स्पेन उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतो. मोरोक्कोने २०१८ पासून हे बंद केलं. तिथे वर्षभर ग्रीनिचच्या एक तास पुढे, फक्त रमजानच्या महिन्यात तेवढं ग्रीनिचबरोबर. म्हणजे उन्हाळ्यात मोरोक्को स्पेनच्या एक तास मागे, हिवाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ, आणि रमजान हिवाळ्यात आला तर पुन्हा एक तास मागे. आमची सहल नेमकी २६ ऑक्टोबरच्या रविवारच्या अलीकडे-पलीकडे पसरलेली. जाताना पलीकडचं घड्याळ मागे, येताना दोन्ही घड्याळं जुळलेली. बोटीच्या तिकिटावर सुटण्याची वेळ त्या त्या बंदराची असते. जाताना दहाला निघून साडेदहाला पोचतो, येताना दोनला निघून साडेतीनला; कागदावर बघितलं तर येताना बोट संथ चालते असं वाटावं.

त्यात फोनची गंमत. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही तारिफात राहिलो; अल्हेसिरास तिथून वीस-बावीस किलोमीटर. तारिफात खिडकीशी ठेवलेला फोन कधी स्पेनचं नेटवर्क पकडतो, कधी समोरच्या किनाऱ्यावरून मोरोक्कोचं, आणि त्याप्रमाणे स्वतःचं घड्याळ मुकाट्याने बदलतो. झोपायच्या आधी माझ्या फोनवर पावणेअकरा वाजले होते, नवऱ्याच्या फोनवर पावणेदहा, आणि दोन्ही फोन एकाच उशीवर. मी दोन्हींची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद केली आणि गजर हाताने लावला. बाबांच्या मनगटावर भारतीय वेळ होती. ती ते कधीच बदलत नाहीत, “वजाबाकी केली की झालं” म्हणतात, आणि आमच्यात गोंधळ न झालेले तेवढे एकटेच.

सामुद्रधुनीवर फोनचा दुसरा धोका पैशांचा. युरोपीय संघातली रोमिंगची सवलत मोरोक्कोत चालत नाही, आणि बोटीवर कधी कधी बोटीचंच उपग्रहाचं नेटवर्क फोनला सापडतं, ते फार महाग पडतं. बोटीत शिरतानाच चारही फोन एअरप्लेन मोडवर टाकले. नकाशे आधीच उतरवून ठेवले होते.

पलीकडचा पहिला टप्पा छोटा ठेवायचा, हे मी ठरवूनच टाकलं होतं. बंदरातून सुटायला तास लागेल की चार, हे कोणी सांगू शकत नाही, आणि मोरोक्कोत अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी चालवायची नाही, हा सल्ला मी तरी ऐकते. रस्ते चांगले आहेत. पण रात्री त्यावर बिनदिव्याच्या दुचाक्या, गाढवं, कडेने चालणारी माणसं असतात. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून सकाळची बोट, आणि पहिला मुक्काम शेफशावेन: तेतुआनवरून डोंगरात चढत दोन-अडीच तास. बंदरात दुपार गेली असती तर तेतुआनलाच थांबायचं, अशी जागाही बघून ठेवली होती, रद्द करता येणारी. पुढे फेझ, मेक्नेस, रबात आणि किनाऱ्याच्या टोलरस्त्याने परत. या भागाच्या आखणीत विशेष काही नाही. टोलला रोख दिऱ्हम लागतात, तपासणीनाक्यावर थांबायची पाटी दिसली की पूर्ण थांबायचं, हात दाखवेपर्यंत पुढे जायचं नाही. फेझचा मुक्काम मात्र बदलला. जुन्या शहरात गाडी जातच नाही, आणि सुंदर दिसणारी बहुतेक घरं अशा गल्ल्यांत आत आहेत की वेशीबाहेर गाडी लावून सामान हातगाडीवर घालायचं आणि मागोमाग चालायचं. आईंच्या गुडघ्यांकडे बघून मी वेशीला लागून असलेलं, पहारा असलेल्या पार्किंगजवळचं घर घेतलं. फोटोत ते साधंच दिसतं.

घरी ठेवून गेलेल्या वस्तूंत पहिला नवऱ्याचा ड्रोन. मोरोक्कोत परवानगीशिवाय ड्रोन आणताच येत नाही, कस्टम्स ठेवून घेतं. दिऱ्हम आधीपासून जमवायच्या भानगडीत पडलो नाही. त्यांचं चलन बाहेर नेण्या-आणण्यावर २,००० दिऱ्हमची मर्यादा आहे, तेव्हा बंदरावर बदलून घेणं सरळ. आई-बाबांची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि ती पिशवी हातात. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण बोट निघाली की गाड्यांचा मजला बंद करतात. विसरलेली गोष्ट आणायला खाली जाता येत नाही.

प्रत्यक्ष दिवशी अल्हेसिरासला सगळं भराभर झालं. तिकीट, पासपोर्टवर शेंगेनमधून बाहेर पडल्याचे शिक्के, रांग, बोटीचा उघडा जबडा. आत अंगावर पिवळं जाकीट घातलेला माणूस हाताने इतकं जवळ बोलावतो की पुढच्या गाडीला लागलीच असं वाटतं. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, अलार्म बंद. नाहीतर बोट हलली की खाली सगळ्या गाड्या ओरडत बसतात. जिन्याच्या दाराचा रंग आणि मजल्याचा आकडा मी फोटो काढून ठेवला.

वर आल्यावर बहुतेक लोक खिडकी किंवा कॉफी शोधतात. आम्ही आधी पोलिसांचं टेबल शोधलं. मोरोक्कोचा प्रवेशाचा शिक्का बोटीवरच मारून घ्यायचा होता. तो नसला की पलीकडे उतरल्यावर गाडी बाजूला घ्यायला लावतात. रांग अजून छोटी होती. अधिकाऱ्याने आईंना व्हिसाचा कागद मागितला, त्यांनी आख्खी फाइल पुढे केली. त्याने त्यातला एकच कागद काढला, बाकी फाइल दोन्ही हातांनी परत दिली. “बघ, किती नीट माणूस आहे,” आई म्हणाल्या. जिब्राल्टरचा खडक मागे पडत होता, आणि आम्ही तो बघायला डेकवर गेलो तेव्हा तो निम्मा ढगात होता.

टँजियर मेडला उतरल्यावर गाडीची पाळी. कस्टम्सच्या माणसाने नोंदणीपत्र घेतलं, संगणकात नोंदवलं, डिकी उघडायला लावली, ड्रोन आहे का विचारलं, दुर्बीण आहे का विचारलं. माझ्या नोंदीसाठी दुसऱ्या खिडकीवर जावं लागलं. शेवटी नवऱ्याच्या नावाचं आणि गाडीच्या नंबराचं एक छोटं कार्ड हातात आलं. ते पासपोर्टाबरोबर ठेवायचं, गाडीत ठेवायचं नाही. गाडी चोरीला गेली तर कार्डही जाईल आणि मग सिद्ध काय करणार?

येताना जास्त वेळ हाताशी ठेवा, हे कोणीही सांगेल, आणि ते खरं आहे. टँजियर मेडला परतीच्या गाड्यांची तपासणी जाण्यापेक्षा कडक असते: कार्ड परत घेऊन गाडी बाहेर गेल्याची नोंद, मग मोठ्या एक्स-रे यंत्रातून गाडी, मग कुत्रा. बंदराच्या वाटेवर दिसणारी पोरं ट्रकखाली, गाडीखाली लपून पलीकडे जायचा प्रयत्न करतात, जीव धोक्यात घालून. म्हणून रांगेत शिरायच्या आधी खाली वाकून बघायला सांगतात. नवऱ्याने बघितलं, आणि बाबांनीही काही न बोलता दुसऱ्या बाजूने बघितलं. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत, त्यामुळे तसलं काही घेतलं नव्हतं. आईंनी भांडी घेतली होती, त्यांना हरकत नव्हती.

अल्हेसिरासच्या बाजूचं मी निघायच्या आधीच वाचून ठेवलं होतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या बाह्य सीमांवर प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली: चेहऱ्याचा फोटो, ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्या बोटांचे ठसेही, आणि पद्धत पूर्ण लागू झाल्यावर शिक्के बंद व्हायचे होते. निवासकार्ड असलेल्यांना ती लागू नाही, व्हिसावर आलेल्यांना लागू आहे. म्हणून आई-बाबांची आणि आमची रांग वेगळी होऊ शकते हे त्यांना आधीच सांगितलं होतं, आणि दोघांच्या हातात आमचा पत्ता व परतीच्या विमानाच्या तिकिटाची प्रत दिली होती. संक्रमणाच्या त्या काळात शिक्के चालूच होते, तेव्हा पासपोर्टवर शिक्का उमटला आणि वाचता येतोय ना, तेवढं पाहून घ्यायचं होतं.

शिक्का वाचता येत होता. गाडीत बसल्याबरोबर बाबांनी चष्मा लावून दोन्ही शिक्क्यांच्या तारखा पाहिल्या आणि विचारलं, “मधले दिवस आमच्या शेंगेनमधल्या नव्वद दिवसांत धरतात का गं?”

“नाही बाबा. निघाल्याचा आणि परत आल्याचा दिवस धरतात. मधले धरत नाहीत.”

त्यांनी तिकिटाच्या पाठीवर आकडेमोड केली, आईंकडे बघितलं, आणि म्हणाले की मग विमानाचं तिकीट पुढे ढकलायला किती पैसे लागतात ते बघून ठेव.